तुटलेला ताणा कोणी जोडला

प्रिय दादा,

आज तुझा तेरावा झाला. पंगत उठल्यावर ओसरीवर बसलेले पुरुष एकेक करून म्हणाले, "माणूस निव्वळ सोनं होता." मी आत भांडी पुसत ऐकत होते. माझं डावं मनगट अजून पुरतं वळत नाही, ते तू मोडलंस, हे त्यातल्या एकालाही आठवू नये? म्हणून लिहायला बसले. शिवाय तुझ्या एका प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे राहिलंय. "ताणा कोणी जोडला?" हे तू तीन दिवस मला मारून विचारलंस आणि मी तोंड उघडलं नाही. आता सांगते.

आधी हे सांगते की तू नुसता वाईट असतास तर मला सोपं गेलं असतं. मी विधवा झाले, तेव्हा जैनाबादला सासरचे मला गोठ्यात निजवत होते. तू होडीनं तापी ओलांडून आलास, माझ्या दिराला अंगणात लोळवलंस, त्याचे दोन दात पाडलेस आणि माझी पेटी खांद्यावर टाकून मला माहेरी लोधीपुऱ्यात आणलंस. होडीत म्हणालास, "रडू नको कुसे, मी बसलोय ना." तुझ्या मुठीवरचं त्याचं रक्त बघून मला बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू? तीच मूठ वर्षभरात माझ्या पाठीत बसेल हे मला काय ठाऊक?

पहिल्यांदा मारलंस ते लुगडं विणताना काठात एक धागा चुकला म्हणून. मग हात सैलच सुटला तुझा. वहिनीला मारायचास, आणि मी मध्ये पडले की मला. दिवसभर तुझ्या हातमागावर बसायचं आणि संध्याकाळी मार खायचा, हे जन्मभर करायचं होतं का मी?

मला मास्तरीण व्हायचं होतं. मराठी सातवी पास होतेच. पण नवा मध्य प्रदेश झाला, शाळेचे कागद हिंदीत आले, आणि नोकरी हवी तर खंडव्याला जाऊन हिंदीची परीक्षा द्या म्हणाले. आपल्या मागच्या गल्लीतली कारकुनाची बायको, तिवारीण भाभी, मला दुपारी शिकवायची. मी तिच्याकडे पापड लाटायला जाते असं तुला वाटायचं. त्या वर्षी तू चवीनं खाल्लेले सगळे पापड वहिनीनं चोरून लाटलेले होते, दादा.

परीक्षेच्या आदल्या दिवशी सकाळी तुला पुस्तक सापडलं. "मास्तरीण होती म्हणे. आन् माग कोण चालवील?" असं म्हणून तू दांडकं उचललंस. मी पुस्तकावर हात आडवा धरला आणि मनगटाचं हाड मोडल्याचा आवाज मीच ऐकला. वहिनी धावली, तर तिचा ओठ फोडलास. तेवढ्यानं तुझं भागलं नाही. विळा घेतलास आणि मागावरचा अख्खा ताणा, दोन हजार उभे धागे, एका दमात कापून टाकलास.

आपल्या घरची रीत तुला पाठ होती. तुटला ताणा तसाच टाकून घरची बाई उंबरा ओलांडून गेली, तर घरातल्या कर्त्या पुरुषाचं आयुष्य तुटतं, असं आई सांगायची. ताण्याला लोखंड लावायला विणकराचा हात धजत नाही, आणि तू स्वतःचं आयुष्य पणाला लावून तो कापलास. मी तुझ्या जिवावर उठणार नाही याची तुला पक्की खात्री होती. मोडक्या मनगटानं मला एक गाठ मारता येणार नव्हती. "आता जा खंडव्याला," म्हणालास आणि हसत रावेरला निघून गेलास. त्या हसण्याची मला अजून चीड येते.

ऐक आता नावं. शेजारच्या गोदाकाकू आणि त्यांच्या दोन्ही सुना. तू ज्यांच्या घरी जाऊन चहा प्यायचास त्याच. तिवारीण भाभीला गाठी मारता येईनात, तर ती माझ्या मनगटाला बांबूच्या खपच्या बांधत म्हणाली, "डर मत कुसुम, लिखना तो दाहिने हाथ से है." दुपारपासून दिवेलागणीपर्यंत त्या चौघींनी धाग्याला धागा जोडला.

चौघी म्हटलं ना मी? पहिली गाठ तुझ्या बायकोनं मारली. ओठातून रक्त येत होतं, ते ताण्यावर पडू नये म्हणून दातांत पदर धरून बसली होती. मला म्हणाली, "तुम्ही जा वन्सं. त्यांचं आयुष्य मी जोडते." मी रात्रीच खंडव्याला निघाले, आणि रावेरहून परतल्यावर जोडलेला ताणा बघून तू तिला विचारलंस तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "मला काय ठाऊक, मी चुलीपाशी होते." त्याच घरात ती तुला रोज वाढत होती, आणि तुला कधी कळलं नाही.

मी पास झाले, मास्तरीण झाले, हे तुला माहीत आहे. आज दुपारचं तुला माहीत नाही. वहिनी सगळ्यांसमोर म्हणाली की ती सरकारी दवाखान्यात दाईचं शिकायला जाणार. तिवारीण भाभीनं अर्ज भरलाय, पोरं गोदाकाकू सांभाळतील. घरातले वडीलधारे म्हणून नानाकाका उठले. म्हणाले, "ताणा अर्धा तुटलेला पडलाय मागावर. रीत ठाऊक आहे ना? उंबरा नाही ओलांडायचा."

वहिनी म्हणाली, "ज्यांच्या आयुष्यासाठी पाळायची, ते गेले काका."

काकांनी तिच्यावर हात उगारला. अगदी तुझ्यासारखा, खांद्यापासून. मी तो मधेच धरला. डावं मनगट ठणकलं, पण सोडला नाही, आणि म्हातारा खाली बसला. इतकं सोपं होतं ते. मग मी न्हाणीत जाऊन रडले, कारण तुझा हात मी एकदाही धरला नव्हता. मार चुकवला, मार खाल्ला, नावं लपवली, पण हात धरला नाही. धरला असता तर तू मला मारून टाकलं असतंस, की तूही असाच खाली बसला असतास?

सोमवारी वहिनीला दवाखान्यात मी स्वतः सोडणार आहे, आणि ती शिकून होईपर्यंत या घरात राहणार आहे. तुझा पोरगा आठ वर्षांचा झाला. काल त्यानं बहिणीला मारायला हात उचलला. तो मी खाली आणीन, दादा. न मारता आणीन, एवढं वचन देते.

तुझी,
कुसुम