हातमोजे

११ जानेवारी

सामान लागलं. राजश्रीवन्संनी, म्हणजे सर्वेशच्या थोरल्या बहिणीनं, मागची खोली माझ्यासाठी रंगवून घेतली आहे. खिडकीतून हात बाहेर काढला की कलमाचा मोहोर हाताला लागतो. सावर्ड्याहून घाट चढून कऱ्हाडला डायलिसिसला जायचं, परतताना ओकाऱ्या काढायच्या, हे सगळं संपलं. इथलं नवं केंद्र रिक्षानं जवळ आहे. सर्वेश लोट्याला कंपनीत पाळीवर असतो, तो रविवारी येत जाईल. त्याची किडनी मला जुळते आहे. मे महिन्यात मुंबईला ऑपरेशन. तोवरचे दिवस इथे काढायचे, आणि ते बरे जातील असं आज वाटतंय. येताना रंगांची पेटी आणली आहे. शाळेत चित्रकला शिकवते आणि वर्षभर ब्रश धरलेला नाही.

१६ जानेवारी

केंद्र आवडलं. लांबट हॉल, आठ पलंग, प्रत्येकाशेजारी एक मशीन. सगळी सांभाळणारा तंत्रज्ञ एकच, विनोद. त्याचा हात हलका आहे, सुई गेलेली कळलीसुद्धा नाही. डावा हात मशीनला बांधलेला, उजवा मोकळा, म्हणून ही वही आता इथेच लिहीत जाईन.

शेजारच्या पलंगावर पावसचे भिकाजीकाका. जन्म बोटीवर खलाशी म्हणून गेला, आता कलमांची राखण करतात. आंबा खायची आम्हा सगळ्यांनाच बंदी, त्यावरून म्हणाले, "यंदा वास घेव गो बाय, वासाक डॉक्टर काय बोलत नाय." समोर शमिका, कॉलेजात जाते. तिची आई तिच्या पायाशी बसून गजरे ओवते.

माझे रक्ताचे रिपोर्ट स्वच्छ आले. वन्संनी शिरा केला.

६ फेब्रुवारी

शमिकाचा पलंग रिकामा होता. मला वाटलं, नको ते झालं. पण ती आत आहे. हॉलच्या टोकाला प्लायवूडचं पार्टिशन आहे, त्यामागे वेगळी मशीनं असतात, हे मला ठाऊक नव्हतं. भिकाजीकाकांनी हळूच सांगितलं, तिला सी निघाला. काविळीचा सी. रक्तातून पसरतो, लिव्हर खातो.

तिची आई बाहेर भेटली. म्हणाली, दुसऱ्यांदा झालाय. मागे तीन महिने गोळ्या घेऊन पुरता गेला होता. गोळ्यांनी जातो, पण पुन्हा होऊ शकतो. कुठून येतो, विचारलं. तिनं हॉलच्या दाराकडे पाहिलं.

२३ फेब्रुवारी

आणखी दोघं आत गेली.

आज मी डोळे मिटले नाहीत. विनोद पार्टिशनमागून आला, भिकाजीकाकांच्या नळीला हात लावला, मग माझ्या. हातमोजे तेच. रक्त गोठू नये म्हणून द्यायचं औषध एकाच बाटलीतून सगळ्यांना. एकदा टोचलेली सिरिंज त्यानं पुन्हा त्याच बाटलीत घातली.

मी विचारलं. तो रागावला नाही. दमलेला दिसला. "ताई, आठ मशीनं एकदम वाजतात. मी एकटा. मोज्यांचं खोकं आठवडाभर पुरवायचं असतं." मग माझ्यासमोर नवे मोजे घातले. माझ्यापुरते.

१० मार्च

सर्वेशला सांगितलं. तो रजा टाकून आला आणि तक्रार देऊन आला. आठवड्यातून एकदा येणाऱ्या डॉक्टरांनाही भेटला. मुंबईच्या डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, सी निघाला तर आधी उपचार, ऑपरेशन नंतर. किती नंतर, ते सांगता येणार नाही.

आम्ही बरोबर केलं. बरोबरच केलं.

१७ मार्च

तपासणीची माणसं आली. हॉलला कुलूप. पुढची सूचना मिळेपर्यंत बंद.

विनोद पायरीवर बसून होता. आम्ही सगळे फाटकात उभे.

२० मार्च

पाय सुजले. आडवं झालं की श्वास अडकतो, म्हणून बसूनच आहे. कोल्हापूरला जागा नाही म्हणाले, उद्या बघू. वन्सं पाणी चमच्यानं मोजून देतात आणि आत जाऊन रडतात.

२१ मार्च

कोल्हापूरला जागा मिळाली. मला.

भिकाजीकाकांनाही मिळाली होती. त्यांची गाडी आमच्या पुढे होती. आंबा घाटात ती बाजूला उभी दिसली, दार उघडं. त्यांचा मुलगा रस्त्यात खाली बसलेला. आमच्या ड्रायव्हरनं गाडी थांबवली नाही. मीही थांब म्हटलं नाही. मला श्वास—

२७ मार्च

केंद्र उघडलं. भिंतीला नवा रंग, नवी पाटी. विनोद तोच. दुसरं कुणी यायला तयार नाही म्हणे.

भिकाजीकाका गेले, तेव्हापासून कुणी माझ्याकडे बघत नाही. शमिकाच्या आईनं मात्र वाटेत हात धरला. "उमाताई, पाया पडते. आता काही बोलू नका. बंद पडलं तर माझी पोर चार दिवस नाही काढायची."

मी मान डोलावली.

६ एप्रिल

पहिले काही दिवस मोजे बदलायचा. आज नाही.

कऱ्हाडची जागा दुसऱ्याला गेली, कोल्हापूरची तेवढ्यापुरतीच होती. यायचं नाही, तर मरायचं. यायचं, तर हात स्वतःहून पुढे करायचा. सर्वेश म्हणतो, आपण मुंबईतच राहू. तिथे नंबर लागत नाही. रोज फोन करतो.

१९ एप्रिल

आणखी एक जण आत. आता पार्टिशनच्या बाहेर आम्ही तिघंच.

शेवटची रक्ततपासणी परवा. स्वच्छ निघाली तर ऑपरेशन. रंगांची पेटी उघडली नाही. जेवण जात नाही. डोळे पिवळे आहेत का, सारखी आरशात बघते. वन्संनी आरसा काढून ठेवला.

२१ एप्रिल

रक्त दिलं. रिपोर्ट यायचा आहे. मशीन लावलंय. लिहीत राहते.

आतलं मशीन वाजतंय. विनोद आत धावला. शमिकाचा आवाज— सुई निसटली बहुतेक. तिची आई विनवते आहे.

थांबलं.

आता माझं वाजतंय. नळीत काहीतरी अडलं. लाल दिवा.

विनोद बाहेर आला. मोजे काढले नाहीत. बोटं लाल आहेत, अंगठ्यापर्यंत. माझ्याच मशीनकडे बघतोय.

ओरडायला हवं. समोरची दोघंही माझ्याकडे बघतायत. मान हलवतायत, नको, नको म्हणून. पार्टिशनच्या कडेशी शमिकाची आई, हात जोडून—

डावा हात हलवता येत नाही. मी म्हटलं, विनोद, मोजे. ऐकू गेलं नाही. की मी म्हटलंच नाही—

सुईवरची पट्टी सोडतोय. बोट गार आहे, ओलं. विनोद, आधी