‘परत’चे तीन अर्थ आणि एक सही

तीर्थस्वरूप ताईस,

मधलीचा नमस्कार. तुझा गुडघा आता जिने चढू देतो का? भाऊजींचा खोकला त्यांच्या जेवणातल्या आग्रहापेक्षा तरी कमी झाला असावा. इकडे मी बरी आहे, धाकटा बरा नाही, आणि बाबांची लॉन्ड्री बहुधा महिनाअखेर बंद होणार आहे. (शेवटची बातमी हळू आवाजात सांगायची होती, पण पत्रात कुजबुजता येत नाही.)

झालं असं, की धाकट्याच्या लेकाने, आपल्या भाच्याने, दुकानात कॉम्प्युटर आणायचं ठरवलं आणि त्याआधी एका हुशार मुलीला आणलं. दुकान कशाकशाचं बनलंय याचं चित्र ती आधी काढते. मग त्या चित्रावरून धंदा कुठे न्यायचा आणि कॉम्प्युटरने काय लक्षात ठेवायचं, ते ठरतं. धाकट्याने तिचं नाव चौकोनबाई ठेवलं. तिने इस्त्रीच्या टेबलावर भलामोठा कागद पसरून चौकोन काढले: ग्राहक, कपडा, डाग, पावती, आणि मधे बाण. मला एकदम शाळेत गेल्यासारखं वाटलं. सिस्टर फळ्यावर वाक्याची अशीच चिरफाड करायच्या, आठवतं? कर्ता इकडे, कर्म तिकडे, आणि क्रियापद न सापडलेली मुलगी बाकावर उभी. (तू असायचीस.) चौकोनबाई म्हणाली, "एका कपड्याचा मालक एकच." मी म्हटलं, "आमच्या राखाडी कोटाच्या दोन मालकिणी होत्या. एक दिवसाआड." ती म्हणाली, "आत्या, असे अपवाद किती आहेत?" मी म्हटलं, "तुला वेळ किती आहे?"

मग तिने वही उघडली. वहीच्या शेवटच्या रकान्यात जागोजागी ‘परत’ लिहिलेलं असतं. तिने त्याचाही चौकोन काढला आणि अर्थ लावला: ग्राहक नाराज होऊन कपडा परत आणतो. शंभरातले एक्याण्णव कपडे परत! तिचा सल्ला सरळ होता. ज्यांचं धुणं शंभरात एक्याण्णव वेळा फसतं, त्यांनी धुणं थांबवून जागा भाड्याने द्यावी. धाकट्याने ते वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. चाळीस वर्षं लोकांचे डाग काढलेला माणूस, ताई. पण छापील कागदावर आकडा दिसला की तो वाद घालत नाही. त्याने दुकान बंद करण्याच्या कागदावर सही केली आणि तेव्हापासून स्वतःच्या शर्टाकडेही संशयाने बघतो.

मला उलगडा व्हायला चार दिवस लागले. (पाचव्या दिवशी वही पुसता पुसता वाचली म्हणून, नाहीतर तेवढेही पुरले नसते.) कपडा गिऱ्हाइकाच्या हाती दिला की धाकटा ‘परत’ लिहितो. डाग राहिला म्हणून पुन्हा धुवायला घेतला की इस्त्रीवाला ‘परत’ लिहितो. आणि तेच गिऱ्हाईक नवीन कपडा घेऊन पुन्हा आलं की मी ‘परत’ लिहिते, तेही आनंदाने. म्हणजे चौकोनबाईच्या हिशेबाने आमचे यशस्वी कपडे नऊच. कारण ते न्यायला अजून कोणी आलंच नव्हतं.

मी तिला हे सांगितलं तेव्हा तिने ‘परत’चा चौकोन खोडला. म्हणाली, "शब्द एक आणि कामं तीन?" मी म्हटलं, "आमच्याकडे माणसांचंही तसंच आहे." पोरगी गुणी. चूक कबूल करून तिने तीन वेगळे चौकोन काढले. पुन्हा धुवावे लागलेले कपडे शंभरात तीन निघाले, आणि पुन्हा येणारी गिऱ्हाइकं निम्म्याहून जास्त. आता तिचा सल्ला असा, की दुकान चालू ठेवा आणि कॉम्प्युटरला कपड्यांआधी माणसं लक्षात ठेवायला शिकवा. भाचा खूश. धाकटा मात्र म्हणतो, "माझं मन राखायला तुम्ही चित्र बदललंत." आणि रोज दहाला दुकानात जाऊन नुसता बसतो.

दोघांना माझे आशीर्वाद द्यायचे राहिले, पण तुम्ही मोठे, तेव्हा नमस्कारच.

तुझी,
मधली

ता. क. दुकानाचा कागद सोबत आहे. तो तुला पाठवीन असं मी धाकट्याला वचन दिलं होतं. आपल्या तिघांपैकी दोघांच्या सह्या पुरतात आणि माझी मी केलेली नाही. तूही करू नकोस.

ता. क. दुसरा: त्याला समजावणारं पत्र वगैरे लिहू नकोस, तो ऐकणार नाही. त्यापेक्षा एखादा वाईट डाग पडलेला कपडा पाठव आणि लिही, की चार लॉन्ड्र्यांनी हात टेकले. डाग नसेल तर पाड. शाईचा चालेल, गंजाचा उत्तम. चहाचा नको, तो त्याला अपमान वाटेल. भाऊजींची पांढरी पँट घ्यावी लागली तर घे. त्यांना नंतर सांगता येईल.