नळी बसेपर्यंत

माय,

आज दुपारपासून मी अण्णांच्या मोटारीत मागच्या बाकावर बसून आहे. मांडीवर पत्र्याची पेटी आहे आणि तिच्यावर हा कागद. मोटार कुठे चाललेली नाही. शिरडच्या आपल्याच अंगणात लिंबाखाली उभी आहे. थोरले काका दोनदा येऊन गेले. पहिल्यांदा समजुतीने बोलले. दुसऱ्यांदा म्हणाले, "पोरी, उतर खाली. लोकं पाहून राहिले." मी म्हणाले, "वाशीम आलं की उतरते." माझ्या तोंडून आलेले असे उत्तर त्यांनी आजवर ऐकलेले नव्हते, ते क्षणभर मोटारीकडेच पाहत राहिले, जणू तीच बोलली. खरे तर ते उत्तर तुझे आहे.

विलायतेत लढाई सुरू झाल्यावर या मोटारीची धुराची नळी सडली, ते तुला आठवत असेल. इंजिनाचा सगळा धूर मागच्या बाकावर येई. शिरडहून निघालेली माणसे औंढ्याला नागनाथाच्या दारी उतरत ती डोळे चोळत, आणि परतीला बैलगाडी शोधत. एके दिवशी एका बाळंतिणीच्या मांडीवरचे लेकरू निपचित पडले. वाऱ्यावर धरल्यावर ते रडले, पण अण्णांनी त्या दिवसापासून उतारू घेणे बंद केले. मोटार थांबली की आपली चूलही थांबणार, हे तुला सगळ्यांच्या आधी कळले. कंपनीची नळी विलायतेहून येईना, म्हणून हिंगोलीच्या बाजारातल्या सुट्या भागांच्या दुकानदाराने देशी बनावटीची दिली. अस्सलपेक्षा सरस आहे, अशी वर ग्वाही. घरी आणून लावू गेले तर ती चार बोटे आखूड आणि एकही भोक जुळेना. अण्णा पहिल्यांदा परत गेले तेव्हा त्यांना उत्तर मिळाले, ठोकून बसवा. दुसऱ्यांदा मिळाले, माल बराबर हाय, मोटारच वाकडी हाय तुमची. अण्णांनी येऊन ती नळी खुंटीला टांगली आणि भिंतीकडे तोंड करून निजले. तू ती खुंटीवरून काढलीस.

मग आपण तिघे धुराला वाट म्हणून मोटारीच्या बाजूच्या कनाती वर गुंडाळून, पुढच्या बाकावर दाटीवाटीने बसून हिंगोलीला गेलो. मला का नेलेस, ते तू सांगितले नाहीस. मी तुझ्या पदराआडून पाहते आहे: गादीवर पांढऱ्या स्वच्छ धोतरातला दुकानदार, आणि त्याच्यासमोर तू.

"शेटजी, ही नळी बसत न्हाई."

"बसते बाई. बसवणाऱ्याच्या हातात पाहिजे."

"बरं." तू दुकानाच्या पायरीवर, ऐन मधोमध, नळी मांडीवर आडवी घेऊन बसलीस. "नळी बसत न्हाई, तर मी बसते."

"उठा बाई, गिऱ्हाइकाची वाट अडून राहिली. काहून तकलीफ देता?"

"नळी बसली की उठते."

"किती डाव सांगू? मोटार वाकडी हाय."

"व्हय? गेल्या महिन्यात तुमच्या सासूबाई तिच्यातून औंढ्याला गेल्या, तवा सरळ व्हती?"

समोरचा चहावाला ओरडला, "शेटजी, सासूबाईला इचारून घ्या!" रस्ता हसला. दुकानदार मात्र हसला नाही. म्हणाला, तार आवळून बांधली की झालं, मागं बसणाऱ्याला पत्तासुद्धा लागत नाही. तू वळून अण्णांना म्हणालीस, "अवं पोरीचे बाप, आणा तार. शेटजी म्हणतात तशी बांधा." आणि मग त्याला, अगदी पाहुण्याला म्हणावे तसे, "आन् तुमी मागं बसा. बसते म्हणता ना? मग बसाच."

सारा बाजार पाहत होता. तो नाही म्हणू शकला नाही. अण्णांनी मोटारीखाली शिरून नळी बांधली, कनाती सोडल्या, हँडल मारले. मोटार रस्त्याच्या टोकापर्यंतही गेली नसेल. थांबली, आणि दुकानदार धोतराचा सोगा नाकाशी धरून, खोकत, पायी परत आला. तू पायरीवरून हलली नव्हतीस. त्याने हैदराबादेहून बरोबर मापाची नळी मागवून देण्याचे कबूल केले आणि पुढे दिलीही. तीच आज माझ्या पायांखाली आहे.

तू उठू लागलीस तर तुला उठवेना. "धर गं मला," माझ्या कानाशी म्हणालीस. "पाय लटपटत व्हते, म्हून तर बसले. उभ्यानं भांडले असते तर दिसलं असतं त्याला." आणि हसलीस. त्यानंतर तू फार दिवस राहिली नाहीस.

इकडच्या शाळा उर्दू, म्हणून तू गेल्यावर मामांनी मला मराठी शाळेसाठी वाशीमला नेले. वर्गात मी पहिली येते. कोणाशी बोलत मात्र नाही. आता चार दिवस घरी आले, मॅट्रिकची परीक्षा परवावर आली आहे आणि काका म्हणतात, शिकलीस तेवढे पुरे, घरी बस. मी म्हणते, परीक्षेला बसते. क्रियापद एकच आहे, फरक एका विभक्तीचा. तेवढ्यावरून सकाळपासून घरात कोणी जेवलेले नाही. काकांची खरी काळजी निराळी आहे. ते ओसरीवर अण्णांना म्हणत होते, "एवढी शिकलेली पोरगी कोणाच्या घरात बसंल? सांग ना!" मी पेटी उचलली आणि इथे येऊन बसले. जे घर माझ्या मापाचे नाही ते सरळ, आणि मी वाकडी, हे मला मान्य नाही. मला कोणी ठोकून बसवणार नाही. काकांना वाटत असेल तर त्यांनी त्या घरात आधी स्वतः बसून पाहावे.

तुला वाचता येत नव्हते. हे पत्र तुझ्या हाती पडले असते तरी वाचून मलाच दाखवावे लागले असते, आणि मी ते पुटपुटत वाचले असते. तेव्हा ते पेटीतच, व्याकरणाच्या पुस्तकाखाली राहील.

अण्णा हँडल घेऊन ओसरी उतरले आहेत. काका काही बोलत आहेत. अण्णा थांबलेले नाहीत. कनातीशी येऊन म्हणाले, "पेटी खाली ठेव, पोरी. रस्ता खराब हाय, पाय दुखतील." मी मानेनेच नाही म्हटले. ती मांडीवरच असू दे, माय. तिच्याखाली माझे गुडघे केव्हाचे लटपटत आहेत.