गहाळ इअरमफचा ठावठिकाणा कळवण्याबाबत

प्रति,
मा. निरीक्षक,
कारखाने सुरक्षा व आरोग्य कार्यालय,
तिसरा मजला.

अर्जदार : पर्यवेक्षक, खिळे विभाग.

विषय : गहाळ झालेल्या एका इअरमफचा (कानांवर घालायच्या आवाजरोधक साधनाचा) शोध लागल्याबाबत, आणि उरलेले इअरमफ कामगारांच्या कानापर्यंत पोहोचवण्याबाबत.

संदर्भ : (१) अर्जदाराचे याच विषयावरील पूर्वीचे अर्ज. पोच मिळाली, उत्तर नाही.
(२) गहाळ वस्तूबाबत खुलासा मागणारा व्यवस्थापनाचा मेमो.
(३) आपण कारखान्यास दिलेली भेट.

महोदय,

१. उपरोक्त विषयास अनुसरून अर्जदार सविनय सादर करतो की, तो तार व खिळे कारखान्याच्या खिळे विभागात पर्यवेक्षक आहे. इतिहासाचा पदवीधर माणूस खिळ्यांत कसा आला, हा या अर्जाचा विषय नाही. विभागातील यंत्रात एका बाजूने तारेचे भेंडोळे शिरते आणि दुसऱ्या बाजूने खिळे पडतात. मध्ये प्रत्येक खिळ्याला डोके यावे म्हणून एक ठोका बसतो. अशी यंत्रे एका पत्र्याच्या छपराखाली ओळीने उभी आहेत. आपण भेटीच्या वेळी शेडच्या दारातूनच माघारी वळलात, म्हणून आवाजाची कल्पना देणे भाग आहे. आत एखादा शिंकला, तर ते त्याच्या त्यालाही फक्त नाकावरूनच कळते.

२. या कारणास्तव शेडमध्ये बोलण्याची पद्धत आहे, पण ऐकण्याची नाही. एकाने ओठ हलवायचे, दुसऱ्याने ते वाचायचे. जुने कामगार शेडच्या या टोकाहून त्या टोकाशी मनसोक्त भांडतात आणि मधल्यांच्या कामात काडीचाही व्यत्यय येत नाही. नवा माणूस महिन्याभरात शिव्या वाचू लागतो. बाकीची भाषा मागाहून येते. तेल संपले, तार अडकली, मॅनेजरसाहेब येत आहेत, यांसाठी हाताच्या खुणा ठरलेल्या आहेत. पैकी शेवटची खूण सरकारी कागदावर उतरवण्याजोगी नाही. मॅनेजरसाहेबांची केबिन शेडला लागून, काचेची आहे. आवाज आत येऊ नये म्हणून काच मुद्दाम जाड बसवली आहे. जाड काचेने आवाज अडतो, ओठ अडत नाहीत, हे ती बसवताना कोणाच्या ध्यानात आलेले दिसत नाही. कृपया ही बाब लक्षात असू द्यावी; पुढे ती कामास येईल.

३. कारखान्यात दरवर्षी श्रवणचाचणी होते. तीत अर्जदार दरवर्षी उत्तम गुणांनी उत्तीर्ण होतो. चाचणीचे यंत्र दुरुस्तीस गेलेले असल्याने कंपनीचे डॉक्टर समोर बसतात आणि हळू आवाजात विचारतात, "काय, जेवण झालं का?" शेडमधला माणूस ओठांकडे बघून म्हणतो, "झालं." डॉक्टर लिहितात, श्रवणशक्ती चांगली. मागील वर्षी मात्र डॉक्टरांना जबर सर्दी झाली आणि त्यांनी तोंडावर मास्क लावला. तोवर ठणठणीत असलेली अख्खी शेड त्या एका सकाळी बहिरी निघाली. ज्याला ज्याला जेवणाचे विचारले, तो तो आपले नाव सांगू लागला. व्यवस्थापनाने या प्रकाराची तत्काळ व गंभीर दखल घेतली, आणि डॉक्टरांचा घसा बसला होता असा निष्कर्ष काढून चाचणी रद्द केली. सर्दी बरी झाल्यावर ती पुन्हा घेण्यात आली. सर्वजण पुन्हा उत्तीर्ण झाले.

४. यानंतर अर्जदाराने स्वतः होऊन बाहेरच्या कानाच्या डॉक्टरीणबाईंना कान दाखवले. त्यांच्याकडे यंत्र होते व चालू होते. त्यांनी सांगितले ते असे : "गेलं ते परत येणार नाही हो. पण उरलंय ते राखता येईल. कानावर काही घातल्याशिवाय त्या शेडमध्ये पाऊल टाकू नका." बारीक, उंच आवाज आधी जातात, असेही त्या म्हणाल्या. अर्जदाराला याचा अनुभव आहे. त्याची पत्नी ओट्याकडे तोंड करून बोलते. पाठीला ओठ नसतात. "मालकाचं ऐकायला जातात रोज आठ तास, घरचं म्हटलं की बहिरे," हे वाक्य अर्जदारास पूर्ण ठाऊक आहे, कारण ते म्हणताना ती वळते.

५. घरगुती बाब अर्जात आणल्याबद्दल क्षमा असावी, पण खरा मुद्दा तोच आहे. अर्जदारास परगावी एक नात आहे. ती नुकती बोलू लागली आहे आणि तिला आजोबांना व्हिडिओ कॉल करण्याची आवड आहे. मात्र फोन हा कानाला लावायचा असतो, अशी तिची पक्की समजूत असल्याने पडद्यावर अर्जदाराला फक्त तिचा कान दिसतो. छोटा, नीटस, नवाकोरा कान. तो कान अर्जदाराकडे वळवून ती बराच वेळ काहीतरी सांगते. अर्जदार "हो का!" आणि "मग?" असे अंदाजाने म्हणतो. अजून तिचा आवाज येतो, शब्द येत नाहीत. हा आवाज तेवढा राहावा, एवढीच या अर्जामागची गरज आहे. बाकी सर्व कारखान्याचे हित वगैरे आहे.

६. आता इअरमफविषयी. पूर्वीच्या एका निरीक्षकांच्या आदेशावरून कारखान्याने चांगल्या प्रतीचे इअरमफ आणले. ते स्टोअरच्या लोखंडी कपाटात आहेत. कपाटाची किल्ली स्टोअरकीपरांकडे असते, ज्यांना शेडमध्ये 'कुलूप' म्हणतात. पाहणीच्या दिवशी सकाळी ते वाटले जातात आणि पाहणी संपताच मोजून परत घेतले जातात. प्लास्टिकचे वेष्टण काढू नये अशी सक्त ताकीद असल्याने ते वेष्टणासह डोक्यावर चढवावे लागतात. एरवी मागितल्यास कुलूप म्हणतात, "वापरून खराब केलेत तर साहेबांना काय दाखवू?" अर्जदाराने कापसाचे बोळे घालून पाहिले, तेव्हा मॅनेजरसाहेबांनी ते काढायला लावले, कारण कानात काही असल्यास धोक्याचा भोंगा ऐकू येणार नाही. तो भोंगा बसवल्यापासून शेडमध्ये कोणीही ऐकलेला नाही. त्याच्याशेजारी लाल दिवा लागतो, तो बघून सगळे पळतात.

७. गेल्या भेटीत आपण शेडच्या दारात आलात, कानांवर हात ठेवलेत, आणि मॅनेजरसाहेबांसह काचेच्या केबिनमध्ये जाऊन बसलात. अर्जदार त्या वेळी काचेसमोरच्या यंत्रावर उभा होता. आपले बोलणे ऐकण्याचा त्याचा हेतू नव्हता. ऐकणे त्याला शक्यही नव्हते. परंतु वाचता येणाऱ्या माणसासमोर पाटी आली की ती वाचली जाते, त्यातला हा प्रकार. आपण टेबलावरचा नमुन्याचा इअरमफ डोक्याला लावून पाहिलात आणि म्हणालात, "वा! काहीच ऐकू येत नाही की!" पुढे म्हणालात, "आमच्या घरासमोर इमारतीचं काम काढलंय हो. दिवसभर ठाकठूक. सुट्टीच्या दिवशीसुद्धा दुपारी डोळा लागत नाही. असला एखादा मिळेल का?" मॅनेजरसाहेब म्हणाले, "मिळेल काय साहेब, आपलाच आहे. वेष्टण देऊ का काढून?" आपण म्हणालात, "काढाच." वर्तमानपत्रात गुंडाळलेले ते पुडके काखेत घेऊन आपण गेलात, आणि अहवालात, कामगार साधने वापरताना आढळले, असा शेरा दिलात.

८. संध्याकाळी मोजदादीत एक नग कमी भरला. कुलूपांनी कपाटात पाहिले, कपाटाखाली पाहिले, शेवटी अर्जदाराकडे पाहिले. दुसऱ्या दिवशी मेमो आला : पर्यवेक्षकाच्या निष्काळजीपणामुळे एक इअरमफ गहाळ झाला असून तो जमा होईपर्यंत कपाट सीलबंद राहील. मेमोवर सही मॅनेजरसाहेबांचीच आहे. अर्जदार खुलासा द्यायला केबिनमध्ये गेला, तेव्हा साहेब म्हणाले, "तुम्हाला काय माहीत मी कुणाला काय दिलं? काचेपलीकडचं ऐकू येतं का तुम्हाला?" अर्जदार खरे सांगता झाला, की ऐकू येत नाही. "मग झालं तर," असे म्हणून त्यांनी दार लावून घेतले. पुढचे, म्हणजे कुलूपांना फोनवर ते अर्जदाराविषयी जे म्हणाले ते, काचेतून वाचावे लागले. ते इतिहासाच्या पदवीधराविषयी बोलायला शोभणारे नव्हते.

९. अर्जदार आपणांवर कोणताही आरोप करीत नाही. तो फक्त अडचण मांडतो. कलम ७ मधील वाक्ये आपण बोलला असाल, तर अर्जदार ओठ वाचतो हे सिद्ध होते, आणि त्याच्या श्रवणचाचणीचे सर्व निकाल रद्द व्हायला हवेत. आपण ती बोलला नसाल, तर अर्जदाराने ती कोठून आणली, आणि आपल्या घरासमोर बांधकाम चालू आहे हे त्याला कसे कळले, याचा खुलासा त्याच्याकडून जरूर मागवावा. तो आनंदाने हजर राहील. प्रश्न विचारणाऱ्याने मात्र अर्जदाराकडे पाठ करून बसावे.

१०. तरी विनंती की, शेडची श्रवणचाचणी चालू यंत्रावर, किंवा किमान मास्क लावून, पुन्हा घेण्यात यावी. कपाटाचे सील तोडून इअरमफ वेष्टण काढून रोज वापरण्यासाठी देण्याचा लेखी आदेश व्हावा. आपल्याकडील नग परत करण्याची घाई नाही. समोरची इमारत पूर्ण होईपर्यंत तो ठेवून घ्यावा. त्या बदल्यात एक कृपा करावी. दुपारी झोप लागते किंवा कसे, याबाबत आपला अभिप्राय सही-शिक्क्यासह कळवावा. इअरमफने आवाज खरोखर अडतो का, असे व्यवस्थापन वारंवार विचारते, आणि त्याचे उत्तर कारखान्यात कोणापाशीही नाही. आजवर तो वेष्टणाशिवाय वापरलेले गृहस्थ आपण एकटेच आहात.

उत्तर कृपया लेखी द्यावे. फोन करू नये.

आपला नम्र व अजून थोडेफार ऐकू येणारा,

(सही)
पर्यवेक्षक, खिळे विभाग

दिनांक : मेमोच्या मुदतीचा शेवटचा दिवस

सोबत : (१) मेमोची प्रत. (२) कानाच्या डॉक्टरीणबाईंचा अहवाल. (३) कंपनीच्या डॉक्टरांचे, अर्जदाराची श्रवणशक्ती चांगली असल्याचे प्रमाणपत्र. (४) कापसाचे बोळे, दोन, वापरू न दिलेले.