स्वेटरखालचा आलेख

४ मार्च, ओउलू, फिनलंड

मार्केटाला कळवलं – गुडघा दुखतोय, घरूनच काम करते. गुडघा ठणठणीत आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत गुपचूप गाठीचं ऑपरेशन उरकलं, तेव्हापासून हेच चाललंय. खोटं बोलायचाही आता कंटाळा येतो. पण मार्केटा माझी साहेब. तिला कळलं तर एप्रिलमध्ये बर्फ मोजायला जाणाऱ्या जहाजावर माझ्याऐवजी इल्पो जाईल. ऑफिसात शेजारच्याच टेबलावर टपून बसलाय.

५ मार्च

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "रक्ताच्या एका आकड्याने घाबरू नका. रेघ कुठे चाललीय ते बघा. वर जायला लागली तर लगेच फोन करा." आकडे तर नुसते खाली-वर उड्या मारतात. मधून रेघ ओढल्याशिवाय काही कळायचं नाही.

ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर माझा प्रोग्राम सुरूच असतो. घरच्या लॅपटॉपवरून त्यातच सगळे आकडे घातले, वर शीर्षक दिलं – माझं रक्त. म्हटलं, दाखव आता आलेख. काही नाही! चूकही सांगत नाही, आलेखही दाखवत नाही.

६ मार्च

पुन्हा तेच. ओळ लिहायची, कळ दाबायची, समोर कोरी जागा. रेघ जाड केली, लाल केली, दुपारभर हाच उद्योग. खरं तर कागद-पेन्सिल घेऊन हातानेही काढता आली असती. नाही काढली. भीती वाटते, दुसरं काय.

इल्पोला विचारलं तर चुटकीसरशी सांगेल. मरेन, पण त्याला विचारणार नाही.

७ मार्च

राय धान्याचा पाव, गार कॉफी. दमले.

१० मार्च

सकाळी पुन्हा कळ दाबत बसले होते, तेवढ्यात इल्पोचा फोन. हा माणूस लिफ्टमध्येसुद्धा तोंड उघडत नाही.

"तुझे आलेख इथे उघडतायत," म्हणाला. "तुझ्या टेबलावरच्या स्क्रीनवर, एकावर एक. मी स्वेटर टाकलाय त्याच्यावर."

मार्केटाने पाहिलं का, कसंबसं विचारलं.

"दारातून पाहिलं. हे काय, म्हणाली. बर्फाची जाडी, म्हटलं."

मग त्याने आवाज खाली आणला.

"मी कुणाला सांगणार नाही," म्हणाला. "पण रेघ वर चाललीय. आजच डॉक्टरांना फोन कर."