माय, मला तिथं जळतं

माय, तुला जाऊन चौदा वर्षं झाली. या चौदा वर्षांत तुला लिहावं असं कधी वाटलं नाही, कारण तुझ्याशी मी मनातल्या मनात रोज भांडतच होते. आज शाळेला सुट्टी आहे. हे पैठणला भावाकडे गेलेत, संध्याकाळच्या एसटीनं येतील. तोवर लिहून झालं तर झालं. जे लिहिणार आहे ते लेकी आईला सांगत नाहीत. पण तू नुसती आई नव्हतीस, तू नर्सबाई होतीस. फुलंब्रीच्या आसपासच्या किती खेड्यांतल्या किती बायकांना तू हे सगळं तोंडानं सांगितलंस. मला तेवढं सांगितलं नाहीस.

आपलं दवाखान्यामागचं क्वार्टर आठवतं. दवाखान्यात बोलायची लाज वाटायची म्हणून बायका मागच्या दारानं सरळ आपल्या स्वयंपाकघरात यायच्या. तू स्टोव्ह बारीक करतेस, पाटावर बसतेस आणि समोरची पदराचं टोक चावत गप्प बसलेली असते. "बोल की गं. मी काय तुझी सासू हाय व्हय?" असं तू म्हटलंस की ती हसायची, आणि मग तिचं तोंड थांबायचं नाही. पाळीची कापडं, तांबी, अंगावरून जाणं. "लपवून ओलं ठिवू नको, उन्हात वाळव, कुणी बघितलं तर बघू दे," असं तू तिला दटावायचीस. मी मधल्या खोलीत गणितं सोडवत सगळं ऐकायचे. माझी माय कशालाच भीत नाही, असं मला वाटायचं.

माझी कातडी कशी आहे हेही तुला माहीत होतं. बाराव्या वर्षी नायलॉनच्या चड्डीनं माझ्या मांड्या सोलून निघाल्या, तेव्हा तू तुझी धुऊन मऊ झालेली सुती साडी फाडलीस आणि हातानं सहा चड्ड्या शिवल्यास. इलॅस्टिक अंगाला लागू नये म्हणून ते कापडाच्या नळीत घातलंस. वर्गातल्या मुली हसल्या तर मी त्यांना ऐटीत सांगितलं, माझ्या मायनं शिवल्यात.

मग लग्न झालं, आणि पहिल्या दिवाळीला मी माहेरी आले. तू भाकरी करत होतीस. मी तुझ्या अगदी जवळ बसले आणि हळूच म्हणाले, "माय, मला तिथं जळतं. त्यांच्यासंगं असताना, अन् नंतर दोन-दोन दिवस लघवीलापण." तुझा हात थांबला. तव्यावरची भाकरी करपायला लागली तरी तू ती उलटली नाहीस. मग माझ्याकडं न बघता म्हणालीस, "समद्याजणींना होतं. सवय होती. अन् असलं बोलत बसू नको, जावई बाहेर बसल्यात."

माय, मी सवय करून घेतली. तीस वर्षं.

लेक झाली, शिकली, नोकरीसाठी बंगळुरूला गेली. माझी पाळी लवकरच थांबली आणि जळण्याच्या जोडीला खाज आली. खाज हा शब्द फार लहान आहे. वर्गात फळ्याकडं तोंड करून उभी असताना मी खडू मुठीत चुरडायचे. बसवत नव्हतं म्हणून तासभर उभी राहून शिकवायचे आणि मुलींना वाटायचं बाई कडक आहेत. कडुलिंबाच्या पाण्यानं धुतलं, तुरटी लावली, पावडर लावली, जाहिरातीतलं गुलाबाच्या वासाचं पाणी आणलं. मेडिकलवाल्यानं बुरशीची क्रीम दिली. बायकांच्या डॉक्टरीण बाई तपासता तपासता म्हणाल्या, "वय झालं, होतं असं." लावलेल्या प्रत्येक गोष्टीनं आणखी जळायचं. हे आधी विचारायचे, मग विचारायचे थांबले. एक दिवस आपलं अंथरूण बाहेरच्या खोलीत नेलं. "मी घोरतो, तुझी झोप मोडते," म्हणाले. ते घोरत नाहीत, माय. त्याला आठ वर्षं झाली.

गेल्या वर्षी एका दुपारी शाळेच्या संडासात रक्त दिसलं. मला वाटलं कॅन्सर. मी दार लावून तिथंच उभी राहिले. वर माझा वर्ग बाईंविना गोंधळ घालत होता, तो सगळा ऐकू येत होता. कॅन्सर असला तर कुणाला सांगायचं नाही, असं मी ठरवून टाकलं. आता सुटका होईल, असंही मनात आलं. तो विचार आला आणि मीच घाबरले.

दुसऱ्या दिवशी कातडीच्या डॉक्टरकडं गेले, जुन्या शहरात, वेशीच्या दगडी दरवाजाच्या आतल्या बाजूला. डोक्यावर दुपट्टा, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान. तिनं दिवा जवळ आणून नीट बघितलं.

"कबसे है ये, आपा?"

"लग्नापासून जळतं. खाज आठ-नऊ वर्षं."

"इतने साल? कुणाला दाखवलं नाही?"

"दाखवलं. वय झालं म्हणाल्या."

"वय नाही हे. बीमारी आहे." तिनं कागदावर नाव लिहिलं, लायकेन स्क्लेरोसस. कातडी पांढरी पडते, कागदासारखी पातळ होते, चिरते. अस्वच्छपणामुळं होत नाही, नवऱ्याला लागत नाही. जन्मभर राहते, पण मलमानं ताब्यात राहते, फक्त दर काही महिन्यांनी दाखवत राहायचं. "आपकी कोई गलती नहीं," ती म्हणाली, आणि मी त्या तपासायच्या टेबलावर, परकर वर तसाच, रडायला लागले.

तीन महिने मलम लावलं. साबण, पावडरी, वासाचं पाणी सगळं बंद. खाज उतरली. मग एकदा तिनं औषध लिहिता लिहिता विचारलं, "मियाँ-बीवी का क्या?" मी म्हटलं, ते सगळं संपलं. "और आपका खुदका?" मला प्रश्नच कळला नाही. तेव्हा तिनं, तू कापडं उन्हात वाळवायला सांगायचीस ना, अगदी त्या सुरात सांगितलं की एक लहान व्हायब्रेटर मिळतो. अशा कातडीला बोटांचं घासणं सोसत नाही, पण बाहेरून लावलेली हलकी थरथर पुष्कळजणींना सोसते. अंगाची भीती मोडते. "जखम पुरी भरू द्या, मग विचार करा. घ्यायच्या आधी मला विचारा." मी मान हलवली आणि जवळजवळ पळत बाहेर आले. विचारलं काहीच नाही. लाज वाटली. तुझ्या लेकीला लाज वाटली, माय.

फोनवरून मागवला. 'मसाजर' लिहिलं होतं, गुलाबी होता, चित्रात मऊ दिसत होता. पुडकं उघडलं तर नव्या रबरी चपलेसारखा वास. नवं आहे म्हणून येत असेल, असं मला वाटलं. सोबत सुगंधी जेलची पुडी होती, तीच लावली. बटण दाबत दाबत सगळ्यात जोराच्या वेगावर नेलं. मला घाई झाली होती. तीस वर्षांची घाई होती ती. दोन मिनिटांत आग झाली. संध्याकाळपर्यंत सूज, आणि दोन ठिकाणी कातडी उकललेली.

आठ दिवस मी कुशीवर पडून होते. शाळेत कळवलं, कंबर धरलीय. ह्यांनाही तेच सांगितलं. ते दाराबाहेरून विचारायचे, "दवाखान्यात जायचं का?" मी ओरडायचे, "नको!" मग स्टुलावर चहा ठेवल्याचा आवाज यायचा आणि पावलं लांब जायची. त्या आठ दिवसांत मला पक्कं वाटलं की तुझंच खरं. सवय करायची असते. ज्या बाईनं या वयात वेगळं काही मागितलं तिला हे असंच मिळणार. लघवीला जावं लागू नये म्हणून मी पाणी पिणं सोडलं. एका दुपारी उशीत तोंड खुपसून मी तुला हाका मारल्या, आणि लगेच तुला शिव्या दिल्या. त्या शिव्या मला येतात हे तोवर मला माहीत नव्हतं.

नवव्या दिवशी डॉक्टरकडं गेले. आधी फोन केला तेव्हा तिनं ती वस्तू सोबत आणायला सांगितली होती. तीन वर्तमानपत्रांत गुंडाळून नेली. तिनं नाकाजवळ नेली आणि लगेच बाजूला सारली. "बू आती है इसकी. ज्याला वास येतो ते तिथं लावायचं नाही. हे मऊ प्लास्टिक आहे, त्यात बारीक भोकं असतात. धुतलं तरी साफ होत नाही, आणि त्यातून काय काय निघून कातडीला लागतं." घ्यायचा तर चांगल्या सिलिकॉनचा, गुळगुळीत, ज्याला शिवण नाही, वास नाही, अंगठ्याएवढा, आणि ज्याचा सगळ्यात कमी वेग खरोखर कमी आहे असा.

"आणि जेल?" मी विचारलं. या वेळी विचारलं.

"पाण्याचं. बिनावासाचं. गरम-थंड वाटणारं काही नको. सिलिकॉनचं जेल पण नको, वस्तू खराब होते. पहिले कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावा, एक दिवस बघा. लाल झालं तर ते तुमचं नाही."

मग ती एकेक सांगत गेली आणि मी शाळेच्या डायरीत लिहीत गेले. आधी आणि नंतर ते यंत्र बिनावासाच्या साबणानं धुवायचं, साबणाचा अंशही राहू द्यायचा नाही. कोरडं करून स्वच्छ सुती कापडात ठेवायचं. सुरुवातीला मधे सुती कापड धरायचं, थेट अंगाला नाही. मलम वेगळ्या वेळी. चिरा असतील तेव्हा हात लावायचा नाही, आणि जरा जरी चुरचुरलं तरी तिथंच थांबायचं. "सोसून घ्यायचं नाही, आपा. सोसायची आदत है आपको." माय, हे वाक्य लिहिताना माझं पेन अडलं.

दुसरं पुडकं आलं ते ह्यांनी उघडलं. मी स्वयंपाकघरातून आले तर चष्मा लावून आतला कागद वाचत होते. "हे कंबरेसाठी का?" त्यांनी अगदी साधेपणानं विचारलं. हो म्हणून मोकळी झाले असते. मी नाही म्हटलं. दाराच्या चौकटीला धरून सगळं सांगितलं, पहिल्या दिवाळीपासून. ते ऐकत होते आणि त्या कागदाच्या घड्या घालत होते.

"म्हणजे तुला दुखत होतं."

"हो."

"सुरुवातीपासून?"

"हो."

ते खुर्चीत बसले. "मला वाटायचं तुला माझी किळस येते."

"नाही हो."

"मग सांगायचं नाही का गं? मी काय जनावर होतो?" मी लग्नानंतर पहिल्यांदा त्यांना रडताना बघितलं. सगळ्याजणींना होतं असं मला वाटायचं, एवढंच म्हणता आलं.

जखमा भरायला महिना गेला. कोपराच्या आत जेल लावलं, एक दिवस बघितलं, काही झालं नाही. एका रविवारी जेवणानंतर हे पिशवी घेऊन उठले. "गुलमंडीच्या बाजारात जाऊन येतो. दोन तास तरी लागतील," म्हणाले, आणि माझ्याकडं न बघता चपला घातल्या. मी जुन्या परकराची घडी मधे घेतली, सगळ्यात कमी वेग लावला आणि आगीची वाट बघत पडून राहिले. भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत. एक मिनिट. चार मिनिटं. आग आली नाही. पुढचं तुला लिहीत नाही. एवढंच सांगते की मी त्रेपन्न वर्षांची आहे आणि दुखण्यापलीकडं त्या जागेला आणखी काही कळतं हे मला त्या दुपारी पहिल्यांदा समजलं. आनंद झाला असं म्हणता येणार नाही. मी उठून बसले आणि गुडघ्यांत डोकं घालून मोठ्यानं रडत राहिले. इतकी वर्षं, माय. इतकी सगळी वर्षं.

सगळं ठीक झालेलं नाही. थंडीत परत चिरा पडल्या, परत महिनाभर थांबले. मुडपून गेलेली कातडी आता परत येत नाही, असं डॉक्टर सांगते. ह्यांचं अंथरूण आत आलंय. शेजारी पडून आम्ही बोलतो, त्याच्या पुढं जायचा धीर दोघांनाही होत नाही. कधी होईल का, माहीत नाही. वेळ थोडा उरलाय असं वाटतं.

गेल्या महिन्यात तपासताना डॉक्टरनं विचारलं, "हे कधी कधी घराण्यात असतं. आईला होतं का?" मी म्हटलं, माहीत नाही.

खोटं बोलले. तुझे शेवटचे पंधरा दिवस तू माझ्या घरी होतीस. पहिल्या दिवशी मी तुझं अंग पुसत होते, परकर सरकला आणि मला दिसलं. पांढरं, आक्रसलेलं, चिरलेलं. माझं आज जसं आहे तसंच. तुझ्या हातात ताकद नव्हती, तरी तू कापड ओढून घेतलंस. "राहू दे गं," म्हणालीस, आणि माझ्याकडं बघत राहिलीस. मी विचारायची तू वाट बघत होतीस का? गावोगाव पायी फिरून तू दुसऱ्यांचं ऐकलंस, आणि ते सगळं चालणं या आगीवर. तुला स्वतःलाच ठाऊक नसेल की ही बीमारी आहे, बाईच्या जातीला नेमून दिलेलं दुखणं नाही. मला तू फसवलं नाहीस, तुला जे खरं वाटत होतं तेच सांगितलंस. हे मला आत्ता कळतं, आणि तरी राग पुरता जात नाही.

हे पत्र पाठवायचं कुठं? ह्यांची एसटी यायची वेळ झाली, आता कपाटात साड्यांखाली ठेवून देते. एकच राहिलं. दुसऱ्या दिवसापासून तुझं अंग पुसायला मी बाई लावली. शाळेला सुट्टी मिळत नाही, असं तुला सांगितलं. सुट्टी मिळाली होती, माय. मला तुझ्याकडं बघवलं नाही.