चौदा नंबरची रेघ

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार
बारा पट्ट्या वाया! वीस बायकांची सकाळची थुंकी घेतली, आणि बारा पट्ट्यांवर रेघेऐवजी नुसता डाग. तीन वर्षं खपून बनवलेली पट्टी — डोळ्यांना न दिसणारे सोन्याचे कण, थुंकीतलं कॉर्टिसॉल हे ताणाचं हार्मोन ओळखणारे. हार्मोन भरपूर तर रेघ फिकी, कमी तर गडद. लॅबमध्ये कशी शहाण्यासारखी वागते! इथे मिठागरावर, माझ्याच गावात, नाक कापलं.

गाईड निकेत सर फोनवर — "महिनाअखेर आकडे नाहीत, तर प्रकल्प बंद." बंद? बघतेच!

४ फेब्रुवारी
थुंकी गोळा करते गावची आशा सेविका, सुचिताताई. नावं तिच्याकडे बंद लिफाफ्यात, मला फक्त नंबर. तिला खोदून विचारलं, सगळ्या उपाशीपोटीच होत्या ना?

"व्हय, कोनी काय खाल्लं न्हाय."

"आणि मिश्री?"

"मिश्री काय खातात काय गो? ती तर दातांना!"

कपाळावर हात मारून घेतला. मी याच गावची ना? चार वर्षांपूर्वी आईनं सोडेपर्यंत आमच्याही घरी चहाच्या आधी मिश्री, ती भाजलेल्या तंबाखूची काळी पूड. पट्टीवरचे डाग तिचेच! आणि कागदावर मी लिहिलं काय, तर 'काही खाऊ नये'. मूर्ख!

६ फेब्रुवारी
बिनमिश्रीची एक सकाळ मागत घरोघर फिरले. "डोकं उठतं गो! तुझ्या पट्टीला काय धाड भरली?" शिव्या खाल्ल्या, पण वीसच्या वीस कबूल.

आईही त्या वीसांतलीच, ती आली होती सोबत. दोन घरं झाली आणि धापा टाकत ओट्यावर बसली. हल्ली असंच. रापलीय पण किती! घरी येऊन तिनं पेजेत मूठभर मीठ घातलं. बाबा तिला चिडवतात, "मिठागरातली पोर, मिठाबिगर जीव न्हाय तिचा."

१० फेब्रुवारी
जमलं!! एकोणीस रेघा स्वच्छ. फक्त चौदा नंबर — काळीकुट्ट. हार्मोन जवळजवळ नाहीच.

सर म्हणाले, "एखादी लबाडी करतेच. चौदा काढ, अहवाल पाठव." हात गेलाही होता त्या ओळीवर.

पण मिश्रीचा डाग पडतो. हा डाग नाही, चांगली ठसठशीत रेघ आहे. नाही काढणार. परत घेणार.

१३ फेब्रुवारी
सुचिताताईनं समोर उभं राहून चूळ भरायला लावली. चौदाची तीच रेघ! पेणच्या डॉक्टरांना फोन केला. "खरं असेल तर साध्या तापानंही दगावेल ती बाई. आजच आणा." खुणा विचारल्या. थकवा, चक्कर. अंग काळवंडतं, हिरड्यासुद्धा. मीठ सारखं खावंसं वाटतं.

मीठ!

तोच दिवस, दुपारी
लिफाफा उघडलाच नाही. घरी धावत गेले, आईला म्हटलं, आ कर. चार वर्षं मिश्री बंद — आणि हिरड्या काळ्याभोर.

"तुझा नंबर कितवा?"

"चौदा. का गो, पट्टी परत बिघडली तुझी?"

नाही आई. पट्टी बरोबर आहे. दोनची एसटी धरतोय.